चौथ्या सीटचं क्रियापद

पनवेलहून सकाळी सीएसएमटीकडे सुटणाऱ्या लोकलमध्ये सुरुवातीला कुणी कुणाशी बोलत नाही. गाडी इथूनच सुटते, त्यामुळे बसायला मिळतं. खिडकीवाला डोकं टेकवून डोळे मिटतो, बाकीचे मोबाइल उघडतात. खांदेश्वर, मानसरोवर, खारघर येईपर्यंत तिघा-तिघांची बाकं भरलेली असतात. मग बेलापूरला कधीतरी पहिला आवाज फुटतो. बाकाच्या कडेला उभा असलेला माणूस पंजा हवेत आडवा धरून खिडकीच्या दिशेने दोनदा हलवतो आणि म्हणतो, ‘‘जरा ॲडजस्ट करा.’’

तिघंही हलतात. खिडकीवाल्याला खरं तर हलायला जागाच नसते, तो खांदा आखडल्यासारखं करतो. मधला पाठ जराशी पुढे काढतो, म्हणजे दोन्ही बाजूच्या खांद्यांना त्याच्या मागे जागा होते. तिसरा चार बोटं सरकतो. त्या चार बोटांवर चौथा टेकतो. अर्धा बाकावर, अर्धा अधांतरी, एक पाय वाटेत रोवलेला. याला ‘फोर्थ सीट’ म्हणतात. रेल्वेने बाक बनवलं ते तिघांसाठी. चौथी सीट कारखान्यात तयार झालेली नाही, ती एका क्रियापदातून निघाली आहे.

हे क्रियापद इंग्रजीतून आलं हे उघड आहे, पण इंग्रज ते असं वापरत नाही. त्याला काहीतरी ॲडजस्ट करायचं असतं: घड्याळ, टाय, आरसा, खुर्चीची उंची. नाहीतर त्याला स्वतः कशाशी तरी ॲडजस्ट व्हायचं असतं: नव्या हवेशी, नव्या नोकरीशी. नुसतं ‘ॲडजस्ट करा’ म्हटलं तर तो विचारील, काय? आपल्याकडे हा प्रश्न कुणी विचारत नाही. बंगळुरात बसमध्ये ‘स्वल्प ॲडजस्ट माडी’ म्हणतात, उत्तरेकडच्या गाड्यांत ‘थोड़ा एडजस्ट कर लो’, आणि तिथेही काय करायचं ते प्रत्येकाच्या अंगाला आपोआप कळतं.

मराठीत शब्द नव्हता म्हणून हा घेतला, असंही नाही. ‘सरका’ आहे. ‘आत व्हा’ आहे. पण ‘सरका’ म्हटलं की ती आज्ञा झाली, शिवाय किती सरकायचं याचा हिशेब आला. ‘जागा द्या’ म्हटलं की जागा तुमची आहे हे मान्य करून मागणं आलं. ‘ॲडजस्ट करा’मध्ये आज्ञाही नाही आणि याचनाही नाही. परक्या भाषेतला शब्द असल्याने त्याला कुठलीच धार नाही. अनोळखी माणसाच्या मांडीला मांडी लावायची तर असा बिनधारेचा शब्द बरा पडतो. बायकांच्या डब्यात याच्याही आधीची एक पायरी असते. ‘‘तुम्ही कुठे?’’ असं विचारलं जातं, ‘‘वाशी’’ असं उत्तर येतं, आणि वाशीनंतरच्या त्या जागेवर विचारणारीचं नाव लागतं. तिथपर्यंतची वेळ मात्र ॲडजस्ट करूनच काढायची.

आता या शब्दाच्या माहेरी जाऊ. लॅटिनमध्ये ‘युक्स्टा’ म्हणजे जवळ, शेजारी, लगत. दोन गोष्टी शेजारी-शेजारी मांडण्याला इंग्रजीत ‘जक्स्टापोझ’ म्हणतात, त्यातलं ‘जक्स्टा’ हेच. त्याला ‘कडे’ या अर्थाचं ‘आद’ लागून उत्तरकालीन लॅटिनमध्ये क्रियापद झालं, त्याचा अर्थ जवळ आणणं, लगत ठेवणं. ते जुन्या फ्रेंचमध्ये उतरलं. फ्रेंचांनी त्यातून दोन मुलं काढली. एक ‘आजूते’, म्हणजे भर घालणं, बेरीज करणं. शेजारी ठेवलं की भर पडतेच. दुसरं आपलं, जे चौदाव्या शतकाच्या अखेरीस ‘अजुस्तेन’सारख्या रूपात इंग्रजीत पोहोचलं. त्याच ‘युक्स्टा’चं आणखी एक अपत्य इंग्रजीत आहे, ‘जाउस्ट’. घोड्यावर बसून, भाला रोखून दोन सरदार एकमेकांवर चालून जातात ती झुंज. जवळ येण्याचे प्रकार दोनच, एक सामावून घ्यायला आणि एक भिडायला. कुर्ल्याला दारात जे चालतं ते ‘जाउस्ट’, आणि आत बाकावर जे चालतं ते ‘ॲडजस्ट’. दोघं सख्खे चुलत आहेत हे डब्यातल्या कुणाला पटवायला नको.

म्हणजे चौथ्या सीटवाला जेव्हा ‘ॲडजस्ट करा’ म्हणतो, तेव्हा तो या शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ वापरत असतो. एकमेकांच्या जवळ या, बस्स. लंडनच्या माणसाने जो अर्थ केव्हाच सोडून दिला, तो पनवेल लोकलमध्ये रोज सकाळी नव्याने जगतो. शब्दांच्या बाबतीत असं घडतं. ते मुद्दाम कुणी करत नाही.

गंमत उच्चारातही आहे. आपल्याकडे शाळेत शिकलेला ‘ॲडजस्ट’ म्हणतो, पण भाजीवाला, रिक्षावाला, गॅरेजवाला यांच्या तोंडी बहुधा ‘ॲजस्ट’ येतं. ‘ड’ गळतो आणि आपण त्याला अशुद्ध म्हणतो. पण जुन्या फ्रेंचमध्ये हा ‘ड’ नव्हताच. तो मागाहून विद्वानांनी घातला. लॅटिनमध्ये ‘आद’ होतं ना, मग लिहिण्यात तो ‘द’ दिसलाच पाहिजे, असा पंडिती हट्ट फ्रान्समध्ये एका काळात फार होता. इंग्रजीने तो सजवलेला शब्द पुन्हा उचलला. फ्रेंचांना पुढे अक्कल आली आणि त्यांनी ‘ड’ काढून टाकला. आजही ते ‘ड’विनाच लिहितात आणि बोलतात. स्टेशनबाहेरचा शेअर रिक्षावाला ‘‘पुढे एक ॲजस्ट होईल’’ म्हणतो, तेव्हा तो शेक्सपिअरच्या नसला तरी चॉसरच्या काळाच्या जवळ असतो.

‘ड’ घालण्याखेरीज या शब्दावर आणखी एक संस्कार झाला, आणि तो जास्त महत्त्वाचा आहे. शब्दाकडे पाहून लोकांना वाटलं, यात ‘जस्ट’ आहे. ‘जस्ट’ म्हणजे न्याय्य, योग्य, नेमकं, ‘जस्टिस’मधलं. म्हणजे हा शब्द ‘न्याय्य करणं, बरोबर करणं’ असाच असणार. मूळ अर्थ जवळ आणणं, पण या गैरसमजातून शब्दाच्या अंगात न्याय शिरला आणि तिथेच राहिला. मग तराजू ॲडजस्ट होऊ लागले. टांकसाळीत नाणं पाडण्याआधी धातूची चकती तोलून, जास्त भरली तर कानशीने घासून नेमक्या वजनाला आणणारे कारागीर असत, त्यांना ‘ॲडजस्टर’च म्हणत. अठराव्या शतकात विम्याच्या दाव्याचा निकाल लावण्यालाही हा शब्द लागला. माणसाने स्वतः परिस्थितीशी ॲडजस्ट होण्याचा मानसशास्त्रीय अर्थ तर अगदी अलीकडचा, विसाव्या शतकातला. आपण नेमका तोच सगळ्यात जास्त उचलला.

तेव्हा या शब्दाला बाप दोन. एक जवळ येणारा, एक न्याय करणारा. लॅटिनमध्ये या दोघांचं एकमेकांशी नातं नव्हतं. ‘जस्ट’च्या मुळाशी ‘यूस’ म्हणजे कायदा. त्याचा भाऊ वेदात ‘शं’सोबत येणारा ‘योः’ हा शब्द, कल्याण या अर्थाचा. आणि ‘युक्स्टा’च्या मुळाशी जो धातू आहे तो तर आपल्या घरातलाच, ‘युज्’. योग, युक्त, संयोग, सगळे त्याचे. शेतकऱ्याच्या बैलाच्या मानेवरचं ‘जू’ हे संस्कृत ‘युग’ झिजून झालं, इंग्रजी ‘योक’ तेच. जुवाला बैल बांधायचं ‘जोत’ हे ‘योक्त्र’ झिजून. ‘करण्याजोगं’, ‘पाहण्याजोगं’ म्हणतो त्यातलं ‘जोगं’ म्हणजे ‘योग्य’, तेही तिथलंच. जुन्या जिल्हा गॅझेटियरमध्ये पनवेलचा मोठा धंदा म्हणून बैलगाडीच्या चाकांची नोंद आहे. खाडीतून गलबतं बंदरात लागत, माल गाड्यांवर चढे आणि १८३० साली बोरघाटाचा रस्ता झाल्यावर सरळ पुण्याकडे निघे. त्या गाड्यांच्या पुढे जे आडवं लाकूड असे आणि आज लोकलमध्ये जे क्रियापद ऐकू येतं, त्यांचं कूळ एक. दोन बैलांना एकमेकांलगत आणल्याशिवाय गाडी हलत नाही. फक्त तेव्हा ते बैलांना सांगावं लागत नसे.

मराठीत शब्द आला तो कसा वागला, ते पाहू. फारसी-अरबीतून आलेल्या शब्दांना आपण आपली शेपटी लावली. ‘बदल’ला ‘बदलणे’, ‘खर्च’ला ‘खर्चणे’, ‘फर्मान’च्या कुळातून ‘फर्मावणे’. ते पार आपले झाले. ‘बदलणे’ अरबीतून आलंय असं सांगितलं तर लोक दचकतात. इंग्रजी शब्दांना मात्र दीडशे-दोनशे वर्षं झाली तरी आपण ‘करणे’ची कुबडी देऊन बाहेरच्या ओटीवर बसवतो. ‘ॲडजस्टणे’ कुणी म्हणत नाही. पण त्या कुबडीमुळे एक सोय झाली. शब्दाला ‘करणे’ लावा, ‘होणे’ लावा, ‘करून देणे’ लावा, ‘करून घेणे’ लावा, प्रत्येक वेळी अर्थ वेगळ्या घरात जातो.

‘ॲडजस्ट करून देणे’ हे कारागिराचं. मोटरसायकलचा मागचा ब्रेक सैल झाला की गॅरेजवाला म्हणतो, ‘‘थांबा, ॲजस्ट करून देतो.’’ गाडी मधल्या स्टँडवर घेतो. उकिडवा बसून मागच्या ड्रमजवळचा नट पान्याने आवळतो आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवून पाहतो. चाक मोकळं फिरतं, अजून आवळतो. पुन्हा फिरवतो. एका क्षणी आतून ‘खस् खस्’ असा घासल्याचा आवाज येतो. तिथे तो थांबतो, नट थोडासा मागे सोडतो आणि चाक परत फिरवतो. आवाज गेला, पण पाय दाबला की ब्रेक लगेच धरतो. शू आणि ड्रम यांच्यात नेमकी जेवढी फट हवी तेवढीच उरली. जवळ आणलं, पण घासू दिलं नाही. शब्दाचे दोन्ही बाप इथे एका नटावर बसलेले दिसतात, आणि हे मला कुठल्याही शब्दकोशापेक्षा स्पष्ट वाटतं.

‘ॲडजस्ट करणे’ हे हिशेबाचं. दुकानदाराकडे सुट्टे नसले की, ‘‘पुढच्या वेळी ॲडजस्ट करू.’’ भाड्याचं घर सोडताना, ‘‘शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमध्ये ॲडजस्ट करा.’’ नवीन पनवेल, कामोठे, कळंबोली या सगळ्या पट्ट्यात अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे हे वाक्य इथे फार ऐकू येतं. घरमालक बहुधा नाही म्हणतो. त्याला भाडं वेगळं हवं असतं आणि डिपॉझिटमधून रंगकाम, तुटलेला नळ, भिंतीतले खिळे हे सगळं ॲडजस्ट करायचं असतं. क्रियापद दोघांचं एकच, पण रक्कम उलट्या दिशांनी चालते. एका घरमालकाने माझ्या डिपॉझिटमध्ये अशी एक खिडकी ॲडजस्ट केली होती की जी मी राहायला गेलो तेव्हाच अर्धी होती. असो.

‘ॲडजस्ट होणे’ हे माणसाचं आणि जागेचं. मुंबईतल्या चाळीतली खोली विकून इकडे ब्लॉक घेतलेल्यांना नातेवाईक विचारतात, ‘‘मग, झालात का ॲडजस्ट?’’ यावर खरं उत्तर कुणी देत नाही, आणि विचारणाराही ते मागत नसतो.

भाषाशुद्धीवाल्यांना हा शब्द खटकणं साहजिक आहे. सावरकरांनी महापौर, दिग्दर्शक, बोलपट असे शब्द दिले ते टिकले. माधव ज्यूलियनांनी १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला, कारण त्यांना नुसता राग नको होता, निवड हवी होती. पुढे भाषा संचालनालयाने कोश काढले. सरकारी मराठीत ‘ॲडजस्टमेंट’ला शब्द रूढ झाला ‘समायोजन’. हा शब्द नुसता कपाटात राहिला नाही. शाळेची पटसंख्या घटली, संचमान्यतेत शिक्षक जास्त ठरले की ते ‘अतिरिक्त’ होतात आणि मग त्यांचं ‘समायोजन’ होतं, म्हणजे दुसऱ्या शाळेत पाठवणी. जिल्हा परिषदेच्या शिक्षकासमोर ‘समायोजन’ म्हणून पाहा; त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते ‘ॲडजस्टमेंट’ने उमटणार नाही. कोषागारात आगाऊ रकमांचंही समायोजन होतं.

आता या शब्दाची फोड करा. सम्, आ, आणि युज्. म्हणजे ‘ॲडजस्ट’ला मराठी प्रतिशब्द शोधायला बसलेल्यांच्या हाती त्याच धातूपासून बनलेला शब्द लागला, ज्या धातूपासून ‘युक्स्टा’ बनला होता. बहुतेक हा निव्वळ योगायोग. आणि ‘योगायोग’मध्येही तोच ‘युज्’ दोनदा बसलाय. इतकं असूनही लोकलमध्ये ‘जरा समायोजन करा’ म्हणणारा अजून जन्माला यायचाय. सरकारी शब्दात एक ऑफिसची खुर्ची असते, ती घेऊन गर्दीत शिरता येत नाही. मला ‘समायोजन’चा राग नाही. तो आपल्या जागी चोख आहे. पण ‘ॲडजस्ट’ला हटवण्याच्या कामी तो निरुपयोगी आहे, आणि त्याच्यावर ते काम लादणं म्हणजे त्यालाही एक प्रकारे अतिरिक्त शिक्षक करणंच आहे.

‘ॲडजस्ट’ने खरं नुकसान केलं ते आपल्याच शब्दांचं. भाजी कमी आहे आणि माणसं जास्त, तर आपण ‘भागवतो’. शर्टाचा रंग आवडला नाही तरी वापरायचा, तर ‘चालवून घेतो’. दुसऱ्याचा उद्धटपणा गिळायचा तर ‘खपवून घेतो’. भांडण वाढू नये म्हणून माघार, तर ‘पडतं घेतो’. अडचणीच्या वेळी दुसऱ्याची चूक झाकायची, तर ‘सांभाळून घेतो’. दोघांचे स्वभाव निराळे, तर ‘जुळवून घेतो’. आणि दोन्ही बाजूंनी काही सोडलं, काही मिळवलं आणि काय सोडलं ते दोघांना ठाऊक आहे, तर ती ‘तडजोड’. तिच्यात तोडणं आणि जोडणं दोन्ही कानाला ऐकू येतात. प्रत्येक शब्दाला माहीत आहे की कोण काय सोसतंय. ‘ॲडजस्ट’ला ते माहीत नाही. सगळ्या बरण्यांतला माल त्याने एका पिंपात ओतला.

शिवाय या यादीत एक गोष्ट दिसते. चालवून घे, खपवून घे, पडतं घे, सांभाळून घे, जुळवून घे. मागे सारखं ‘घे’. मराठीचं व्याकरण असं की, ‘घेणे’ जोडलं की क्रियेचं फळ करणाऱ्याकडे येतं. ‘स्वयंपाक करून दे’ म्हणजे दुसऱ्यासाठी, ‘करून घे’ म्हणजे स्वतःसाठी. ‘वाचून दाखव’ दुसऱ्याला, ‘वाचून घे’ स्वतःला. मग ‘ॲडजस्ट करून घे’ म्हणजे? व्याकरण म्हणतं, फायदा तुझा. प्रत्यक्षात फायदा त्या वाक्याच्या बाहेर उभ्या असलेल्या कुणाचा तरी असतो. इतकी साळसूद फसवणूक इंग्रजीला जमली नसती. ती ‘घे’ने केली.

न्याय करणारा दुसरा बाप पुरता हरवलेला नाही. आपल्यापासून थोड्याच अंतरावर, न्हावा शेवा बंदराच्या व्यवहारात तो अजून जिवंत आहे. हे बंदर १९८९ साली सुरू झालं. समुद्री व्यापारात एक फार जुना नियम आहे, रोड्स बेटाच्या नावावर असलेला आणि पुढे रोमन कायद्यात गेलेला. वादळात जहाज वाचवण्यासाठी काही माल पाण्यात टाकावा लागला, तर ते नुकसान ज्याचा माल गेला त्याचं एकट्याचं नाही. जहाजाचा मालक आणि ज्यांचा ज्यांचा माल वाचला ते सगळे आपापल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात ते वाटून घेतात. ज्याचा गेला तोही आपला वाटा सोसतो. याला ‘जनरल ॲव्हरेज’ म्हणतात, आणि हा हिशेब मांडणारा तो ‘ॲव्हरेज ॲडजस्टर’. लंडनमध्ये त्यांची संघटना १८६९ पासून आहे. २०२१ साली ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं, त्यानंतर मालकाने जनरल ॲव्हरेज जाहीर केलं, आणि ज्यांचा त्या अपघाताशी काडीचा संबंध नव्हता अशा हजारो कंटेनरवाल्यांना वाट्याची हमी भरावी लागली. माल वाचला ना, मग भरा.

या हिशेबाच्या पाटीवर या भागाचा इतिहास मांडून पाहावा असं वाटतं. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी पनवेल, उरण, ठाणे तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. मुंबईचं जहाज जड झालं होतं, काहीतरी बाहेर टाकायला हवं होतं. टाकली ती भातशेती, मिठागरं, खाडीकाठ. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात जमीन गेलेल्या गावकऱ्यांचं आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्यानंतर घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचं तत्त्व आलं; नवी मुंबई विमानतळाच्या वेळी ते साडेबावीस टक्क्यांवर गेलं. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं, तोवर उलव्याची टेकडी कापली गेली होती, उलवे नदीला नवं पात्र दिलं गेलं होतं आणि गावं उठून पुष्पकनगर, वडघरकडे गेली होती.

या सगळ्या काळात गावकऱ्यांच्या तोंडी जे शब्द होते ते मोबदला, पुनर्वसन, भूखंड, आणि ‘गरजेपोटी बांधलेली घरं’. या शेवटच्या शब्दाकडे जरा थांबून पाहा. कुटुंब वाढलं, गावठाण वाढवून मिळालं नाही, म्हणून घराशेजारी घर बांधलं. कागदावर ते अनधिकृत. त्यांनी त्याला अनधिकृतही म्हटलं नाही आणि ॲडजस्टमेंटही म्हटलं नाही. कारण शब्दातच सांगून टाकलं: गरजेपोटी. काय केलं, का केलं, कुणामुळे केलं, सगळं एका शब्दात. ‘थोडं ॲडजस्ट करावं लागतं विकासासाठी’ हे वाक्य मी ऐकलंय ते नेहमी बाहेरून इथे राहायला आलेल्यांच्या तोंडून. म्हणजे आमच्यासारख्यांच्या. माल वाचलेल्यांनी आपला वाटा भरायचा असतो, हा नियम बंदरावर लागू आहे, बंदराला जागा देणाऱ्या गावांत तो पूर्ण पोहोचला असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

राहता राहिलं घर. लग्नाच्या जाहिरातींत पूर्वी ‘मनमिळाऊ’, ‘गृहकृत्यदक्ष’ असे शब्द असत. बोलण्यात त्यांची जागा ‘ॲडजस्टेबल’ने घेतली. हे विशेषण इंग्रजीत पाना, पट्टा, टेबलाचा दिवा यांना लागतं. आपण ते मुलीला लावलं. मुलगा ॲडजस्टेबल आहे असं म्हणताना मी तरी कुणाला ऐकलेलं नाही. तो ‘स्वभावाने शांत’ असतो. इंग्रजीत वैवाहिक या अर्थाचा ‘कॉन्जुगल’ म्हणून एक शब्द आहे, त्यात तेच जू लपलंय, दोघांच्या मानेवरचं. दोघांच्या, हे महत्त्वाचं. एका बैलाने मान तिरकी करायची आणि दुसऱ्याने सरळ चालायचं, अशा रीतीने नांगर ओढला जात नाही.

पण इथेही वारं थोडं फिरतंय. खांदा कॉलनीत एका ओळखीच्या घरी मुलगी-मुलगा बघण्याच्या कार्यक्रमाला मी शेजारी म्हणून बसलो होतो. पोहे झाले, नोकऱ्यांची चौकशी झाली. मुलाच्या मावशी म्हणाल्या, ‘‘तसं आमच्याकडे काही नाही हो. थोडं ॲडजस्ट करून घ्यावं लागेल, इतकंच.’’ मुलीने अगदी सहज विचारलं, ‘‘म्हणजे काय काय, मावशी?’’

दोन घटका कुणी बोललं नाही. या क्रियापदाला कर्म जोडायला सांगितलं तर काय करायचं, हे कुणाला माहीत नव्हतं. मावशी मात्र खमक्या. त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. पाणी सकाळी सहा ते सातच येतं, तेवढ्यात टाकी, पिंप, बादल्या भरायच्या. सासऱ्यांचं जेवण बरोबर बारा आणि आठ. चातुर्मासात कांदा-लसूण नाही. धाकटा दीर हॉलमध्ये झोपतो, म्हणून दहानंतर टीव्ही बंद. गणपतीत गावाकडचे दहा-बारा जण, पाच दिवस.

मुलीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘‘बरं, माझं पण सांगते. माझी आठवड्यातून तीन दिवस नाइट शिफ्ट असते. कंपनीची गाडी पहाटे चारला सोडते. त्यामुळे मी अकराच्या आत उठत नाही.’’

मावशींनी मुलाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

‘‘मग पाणी कोण भरणार?’’